भुर्र म्हणजे काय?

गेल्या जानेवारीत आमच्या वढूच्या घरात एक गोष्ट बंद पडली आणि ती बंद पडल्याचं मला तीन शनिवारांनंतर कळलं. माझी आई बोलायची थांबली होती. म्हणजे आमच्याशी बोलत होती, शेजारच्या काकूंशी बोलत होती, गोठ्यातल्या म्हशीशीसुद्धा बोलत होती. फक्त ठमीशी बोलत नव्हती.

ठमी म्हणजे माझी पुतणी. तेव्हा एकवीस महिन्यांची. दादा सणसवाडीत कंपनीत, वहिनी शिक्रापूरला नोकरीला, त्यामुळे दिवसभर ती आईकडे. मी आठवडाभर खराडीत कोड लिहितो आणि शनिवारी नगर रोडचं ट्रॅफिक पार करून कोरेगाव भीमावरून वढूला पोचतो. तर झालं असं, की वहिनी एका प्लेग्रुपमध्ये चौकशीला गेली होती. तिथल्या मॅडमनी ठमीला दोन प्रश्न विचारले, ती काही बोलली नाही. मग मॅडम म्हणाल्या, घरी शक्यतो इंग्लिशच बोला, दोन भाषांनी मूल कन्फ्यूज होतं. आणि ते मम्मम, भुर्र, लाडेलाडे बोलणं तर आधी बंद करा, त्याने जीभ वळत नाही.

वहिनीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. इंग्लिश येत नाही. लाडेलाडे बोलायचं नाही आणि मराठीही कमी बोलायचं, मग उरलं काय? तिने ठमीच्या हातात टॅब दिला. टॅब मीच आणला होता. त्यातलं फ्लॅशकार्डचं ॲपसुद्धा मीच टाकलं होतं, पैसे भरून, बिनजाहिरातीचं.

मी आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझं बोलणं ऐकून पोरीचं नुकसान व्हायला नको रे बाळा."

हे वाक्य मला पचलं नाही. त्या रात्री मी शोधाशोध सुरू केली. हा लेख त्या शोधाशोधीतून आला आहे. यात मी तीन गोष्टींचं परीक्षण करणार आहे: साठेक वर्षांपूर्वीचा एक भाषावैज्ञानिक लेख, माझं विकतचं ॲप आणि माझ्या आईचे खेळ. तिन्हींचा दावा एकच आहे, की मूल बोलायला लागतं ते असं. मग तिन्हींना एकाच मापाने मोजायला हरकत नाही.

केळकरांनी बोबड्या बोलांना गंभीरपणे घेतलं

1964 साली 'वर्ड' नावाच्या अमेरिकेतल्या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात अशोक रा. केळकर यांचा एक लेख छापून आला. नाव 'मराठी बेबी टॉक'. केळकर म्हणजे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अनेक वर्षं शिकवणारे, पुढे 'रुजुवात'साठी साहित्य अकादमी मिळालेले भाषाशास्त्रज्ञ. डेक्कन कॉलेज येरवड्याला, आमच्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर. माझ्या आईच्या 'मम्मम'वर एका जागतिक दर्जाच्या विद्वानाने लेख लिहिलाय, हे आमच्या गावात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मलाही नव्हतं.

त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने सहा भाषांमधल्या बालबोलीची तुलना करणारा लेख लिहिला. अरबी, इंग्लिश, स्पॅनिश, गिलियाक, कोमांची आणि मराठी. गिलियाक ही सायबेरियाच्या पूर्व टोकाची, कोमांची उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. जगातल्या हजारो भाषांमधून निवडलेल्या सहांत आपली एक, आणि याचं श्रेय केळकरांच्या कामाला.

या दोन लेखांतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्या मॅडमच्या सल्ल्याच्या थेट विरुद्ध जाते. आपल्याला वाटतं, मूल बोबडं बोलतं आणि मोठी माणसं त्याची नक्कल करतात. फर्ग्युसन दाखवतात, की बालबोली ही भाषेचाच एक ठरलेला भाग असते. तिचे शब्द ठरलेले असतात, नियम ठरलेले असतात आणि एक पिढी ते पुढच्या पिढीला देते. 'मम्मम' ठमीने शोधलेलं नाही. आईने तिच्या आजीकडून घेतलं, आजीने तिच्या आईकडून. 'बाऊ', 'जोजो', 'गाईगाई', 'हम्मा', 'शी', 'काऊ', 'माऊ' हा सगळा माल वारसाहक्काने आलेला आहे.

नियमही बघा. जोडाक्षरं फोडायची किंवा गाळायची. 'र'सारखे अवघड आवाज सोपे करायचे. शब्द दोनदा म्हणायचा. शब्द मोजके आणि तेही ठराविक गोष्टींचे: खाणं, झोप, शरीर, जनावरं, नाती. इतक्या दूरदूरच्या भाषांत साधारण याच तऱ्हा सापडतात. मी प्रोग्रामर आहे, मला ही यादी वाचताना एकच गोष्ट आठवली: नवशिक्याला आपण संपूर्ण सिस्टीम दाखवत नाही, तिचं छोटं, चालणारं रूप देतो. आई तेच करत होती.

केळकरांच्या लेखाची ताकद ही, की ज्या बोलण्याला आपण वेडगळ म्हणून सोडून देतो त्याला त्यांनी व्याकरण असलेली गोष्ट म्हणून वागवलं. पण त्या काळच्या या अभ्यासांची एक मर्यादाही आहे. त्यांचं लक्ष मोठ्यांच्या शब्दांवर आहे. मोठी माणसं काय बोलतात याची नोंद आहे, त्यावर मूल काय करतं याची नाही. संभाषणाची एकच बाजू टिपलेली. आणि आमच्या घरातला प्रश्न दुसऱ्या बाजूचा होता.

भुर्र

शब्दांची यादी का पुरत नाही, ते एका शब्दावरून सांगतो. 'भुर्र' म्हणजे काय?

चिमणी उडाली, भुर्र. दादा बाइकवरून कामाला गेला, भुर्र. आपण देवळात जायचं का, तर भुर्र जायचं का. ताटातला लाडू संपला, भुर्र झाला. या शब्दाचं चित्र काढता येत नाही. तो वस्तूचा शब्द नाही, घडण्याचा आहे: काहीतरी होतं आणि आता ते इथून गेलं. एवढी मोठी कल्पना एका अक्षरात, आणि ती कळते कुठे? दारात उभं राहून, दादाची गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवताना. शब्द आणि प्रसंग वेगळे काढले की शब्द मरतो.

माझ्या आईच्या बोलण्यात असे शब्द भरपूर आहेत. दे, घे, आण, संपलं, परत, अजून, नको. यातलं 'नको' तर मराठीचं खास. आपल्याकडे 'नाही' वेगळं आणि 'नको' वेगळं. दूध नाही म्हणजे भांडं रिकामं. दूध नको म्हणजे भांडं भरलेलं आहे, पण माझी इच्छा नाही. इंग्लिशमध्ये ठमीला दोन्हींसाठी एकच शब्द शिकवला जाणार. मराठीत मात्र दुसऱ्या वाढदिवसाच्या आतच जगातली वस्तुस्थिती आणि स्वतःची मर्जी यांतला फरक तिला शब्दानेच करावा लागतो. हा फरक कार्डवर छापता येत नाही. तो चमचा तोंडाजवळ नेऊन, तोंड फिरवून घेऊनच शिकायचा.

आणि एक गंमत. बोलताना आई ठमीला 'माझं लेकरू' म्हणते, 'काय रे बाळा' म्हणते, 'आली माझी बाय' म्हणते. नपुंसकलिंग, पुल्लिंग, स्त्रीलिंग, सगळं पाच मिनिटांत. 'आपण मम्मम करायचं का?' असं म्हणते, जेवणार मात्र एकटी ठमी असते. हा 'आपण' किती मोठा आहे बघा. जेवण हे दोघींचं काम होऊन बसतं.

ॲप: शंभर चित्रं, एकही क्रियापद नाही

आता माझं ॲप. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकाचा नाही. अशी बरीच ॲप्स मी नंतर उघडून पाहिली.

मी एका रविवारी बसून त्याची सगळी कार्डं मोजली. फळं, भाज्या, रंग, आकार, वाहनं, जंगली प्राणी. झेब्रा आहे, पेंग्विन आहे, म्हैस नाही. सगळे शब्द नामं किंवा विशेषणं. 'दे' नाही, 'संपलं' नाही, 'नको' नाही. ठमी रंगाच्या कार्डावर 'यलो' म्हणायला लागली होती आणि आम्ही सगळे खूश होतो. मग एकदा हळदीच्या डब्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "हे काय?" ती माझ्याकडे बघत राहिली. यलो हे त्या पडद्यावरच्या चौकोनाचं नाव होतं. तो चौकोन कधी जेवणात पडला नव्हता.

पण शब्दांची निवड सुधारता येते. म्हैस टाकता येईल, मराठी टाकता येईल. खरा दोष डिझाइनमध्ये आहे. ठमीने कार्डावर बोट ठेवलं की आवाज येतो. ती काही बोलली, न बोलली, चुकीचं बोलली, ॲपला फरक पडत नाही. ते पुढच्या कार्डाकडे जातं. ते कधी थांबत नाही.

या थांबण्यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवलं. काहींशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, बोलली. काहींना त्याच माणसांचा, तोच मजकूर असलेला व्हिडिओ दाखवला. काहींना फक्त आवाज. बारा बैठका. समोरासमोर खेळलेल्या बाळांना मँडरिनमधले आवाज ओळखता आले. व्हिडिओ आणि आवाजवाल्यांना जवळपास काहीच मिळालं नाही.

मग पडदा म्हणजे वाईटच का? इथे 2014 सालचा एक अभ्यास फार उपयोगी आहे. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवली. काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. समोरची आणि व्हिडिओ कॉलवरची मुलं शिकली, रेकॉर्डिंगवाली नाही. पडदा दोन्हीकडे होता. फरक एवढाच, की कॉलवरचं माणूस मुलाला उत्तर देत होतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली अठरा महिन्यांखालच्या मुलांना पडद्यापासून लांब ठेवायला सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉल तेवढा वगळला होता.

तेव्हा मला माझं माप सापडलं. मुलांसाठी बनवलेल्या कुठल्याही गोष्टीला, मग ते गाणं असो, पुस्तक असो, ॲप असो, एकच प्रश्न विचारायचा: हे मुलाच्या उत्तराची वाट बघतं का?

आईचा मोर

तळहातावर मोराला बसवायचा जुना खेळ तुम्हीही खेळला असाल. बाळाचा हात उघडायचा, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या तळव्यावर टेकवायचं, मोराला बस म्हणायचं, चारा खा म्हणायचं, पाणी पी म्हणायचं आणि शेवटी हात उंच करून त्याला उडवून द्यायचं. यातले शब्द मी इथे देत नाही, तुमच्या घरात तुमचे असतीलच.

मी आईला हा खेळ लहानपणापासून खेळताना पाहिलं आहे, पण कधी नीट बघितला नव्हता. आता व्हिडिओ काढून हळू करून बघितला. शेवटच्या उडण्याआधी आई थांबते. तिचे डोळे मोठे होतात, श्वास आत घेतलेला असतो आणि ती काहीच बोलत नाही. सात-आठ महिन्यांची असताना ठमी त्या थांब्यात फक्त पाय हलवायची. वर्षाची झाली तेव्हा हात स्वतःच वर करायची. पंधराव्या महिन्यात त्या जागेत तिने 'भु' टाकला. जागा तीच होती, ती हळूहळू भरत गेली.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने हेच इंग्लंडमधल्या घरांत बघितलं होतं. 1983 सालच्या 'चाइल्ड्स टॉक' या पुस्तकात तो 'बुवा कुक'सारख्या खेळांना भाषेची शाळा मानतो. खेळाचा साचा ठरलेला असतो, म्हणून पुढे काय येणार हे मुलाला कळतं. कळतं म्हणून त्याला त्यात भाग घेता येतो. आणि एक दिवस भूमिका उलटतात, मूलच पदराआड लपून आईला शोधायला लावतं. पाळीपाळीने बोलणं हा संभाषणाचा पाया आहे आणि तो एकही शब्द यायच्या आधी घातला जातो.

खेळ म्हणून, रचना म्हणून, माझ्या मते आईचा मोर माझ्या ॲपपेक्षा सरस आहे. कारण त्यात एक रिकामी जागा मुद्दाम सोडलेली आहे आणि ती मुलाच्या वयाप्रमाणे आपोआप मोठी होते. आई दर महिन्याला अपडेट करते आणि तिला ते कळतही नाही.

हे 'कळत नाही' मोजलं गेलंय. एमआयटीच्या देब रॉय यांनी 2005 साली मुलगा झाल्यावर घरभर कॅमेरे आणि माइक बसवले आणि तीनेक वर्षांत नव्वद हजार तासांचा व्हिडिओ जमवला. त्यात दिसलं, की मूल एखादा शब्द शिकायच्या बेतात आलं की घरातली माणसं तो शब्द असलेली वाक्यं छोटी छोटी करत आणतात आणि मुलाने शब्द पकडला की वाक्यं पुन्हा लांबवत नेतात. तेही न ठरवता.

दोन आक्षेप

इथे थांबलो तर हा लेख म्हणजे 'जुनं ते सोनं' होईल. तसं म्हणायचं नाही. दोन आक्षेप मला स्वतःलाच पडले.

पहिला: बालबोली नसेल तर मूल बोलणारच नाही का? बोलतं. एलिनॉर ऑक्स आणि बँबी शिफेलिन यांनी 1984 साली पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांबद्दल लिहिलं. तिथे मोठी माणसं बाळाशी लाडेलाडे बोलत नाहीत. आई बाळाला इतरांकडे तोंड करून धरते आणि त्याच्या वतीने बोलते. नंतर त्याला 'असं म्हण' म्हणून शिकवते. कालुली मुलं उत्तम बोलतात. म्हणजे 'मम्मम' अनिवार्य नाही. पण आपल्याकडेही 'म्हण, काका या', 'सांग आजीला' हे चालतंच की. तऱ्हा वेगळी, पण मुलाला बोलण्याच्या वर्तुळात ओढून घेणं दोन्हीकडे आहे. आमच्या घरात बालबोली गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी तऱ्हा आली नव्हती. काहीच आलं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा. शिकलेल्या घरांत मुलांच्या कानावर जास्त शब्द पडतात, म्हणून ती पुढे जातात, असं म्हणतात. हार्ट आणि रिस्ली यांनी 1995 साली 42 अमेरिकन कुटुंबांच्या अभ्यासावरून गरीब आणि सुस्थितीतल्या मुलांत शाळेआधीच तीन कोटी शब्दांची तफावत पडते असा अंदाज मांडला. तो आकडा जगभर फिरला. आईसारख्या बाईला 'तुझे शब्द कमी पडतात' हे सांगायला तो सोयीचा होता. पण 2019 साली स्पेरी, स्पेरी आणि मिलर यांनी दाखवलं, की आईशिवाय घरातल्या बाकीच्यांचं आणि आजूबाजूला कानावर पडणारं बोलणं धरलं तर चित्र बरंच बदलतं. आमच्या अंगणात दिवसभरात काकू, दूधवाला, शेजारी भाड्याने राहणारं बिहारी कुटुंब, संभाजी महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला आलेले आणि पाणी मागायला थांबलेले लोक, सगळे ठमीशी दोन शब्द बोलून जातात. ते कुणी मोजतं का?

शब्दांच्या संख्येचा हव्यास माझ्या धंद्यातही आहे. आजची भाषा-मॉडेल्स पंधरा लाख कोटींच्या वर टोकन खाऊन बोलायला शिकतात. तेवढं ऐकायला माणसाला हजारो जन्म लागतील. 2024 साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उलटा प्रयोग केला. एका बाळाच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यातलं केवळ 61 तासांचं चित्रण एका मॉडेलला दिलं आणि त्याला बरीच नामं चित्रांशी जोडता आली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण थोड्यात किती मिळतं ते तो दाखवतो. आणि कुठे अडतं तेही. त्या मॉडेलला बाळाने काय पाहिलं आणि ऐकलं ते मिळालं. पण बाळाने हात वर केला आणि समोरचं माणूस हसलं, हे त्याच्या वाट्याला आलं नाही. ते बघत होतं, खेळत नव्हतं.

अंगण

'अंगणवाडी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो फोडून बघत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभारलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. पानं, दगड, शिंपले हेच साहित्य. 1975 साली केंद्राची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. शिकणं मुलाच्या दारात आणि त्याच्या ओळखीच्या वस्तूंत असावं, हा विचार आपल्याच मातीत झालेला आहे. आता आपण फी भरून नेमकं उलटं विकत घेतोय.

आमच्या घरात पुढे काय झालं ते थोडक्यात. वहिनीने आधी ठमीचे कान तपासून घेतले. ते महत्त्वाचं होतं, आणि तुमच्या घरात दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल तर तुम्हीही घ्या; आजीच्या प्रेमाने तपासणी टळत नाही. कान ठीक निघाले. दोन भाषांनी मूल गोंधळतं या समजुतीला आधार नाही, हे डॉक्टरांनीच वहिनीला समजावलं. मी टॅब खराडीला परत आणला. आता रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल असतो. त्यात मी फार बोलत नाही. तळहात कॅमेऱ्यासमोर धरतो आणि थांबतो.

आईला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी केळकरांबद्दल सांगितलं, की तुझ्या 'मम्मम'वर पुण्याच्या प्राध्यापकांनी अमेरिकेत लेख छापलाय. ती म्हणाली, "त्यात काय छापायचं?" पण दुसऱ्या दिवशी अंगणातून आवाज आला. चिऊ कुठंय? चिऊ भुर्र. आणि मग थोडा वेळ शांतता, उत्तर यायला लागतो तेवढा वेळ.

जूनमधल्या प्रवेशाचा फॉर्म घरी येऊन पडलाय. त्यात एक रकाना आहे, घरी बोलली जाणारी भाषा. वहिनीने पेनाने 'मराठी' लिहिलं, दादाने 'थोडं इंग्लिशपण लिही गं' म्हटलं. फॉर्म दोन दिवस टीव्हीवर तसाच पडून होता. रविवारी मी निघताना वहिनीने तो पिशवीत घातला. रकान्यात एकच शब्द होता. मॅडम काय म्हणतात ते पुढच्या आठवड्यात कळेल.